फेरिटिनचा बाण

फेरिटिन हा शब्द आपल्या घरांत शिरला तो २०२० आणि २०२१ मध्ये. त्याआधी तो डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांनाच ठाऊक होता. कोविडच्या त्या दोन वर्षांत मात्र सीआरपी, डी-डायमर आणि फेरिटिन ही तीन नावं जो तो घेऊ लागला. ज्यांनी उभ्या आयुष्यात विज्ञानाचं पुस्तक उघडलं नव्हतं असे आमचे एक काकासुद्धा फोनवर आधी "फेरिटिन किती आलं?" असं विचारायचे आणि मग "जेवलास का?" असं. साथ ओसरली, मास्क कपाटात गेले, पण हा शब्द काही गेला नाही. आता तो 'फुल बॉडी चेकअप'च्या रिपोर्टात, साधारण सातव्या-आठव्या पानावर बसलेला असतो. आकडा जास्त असला तर त्याच्यापुढे एक लहानसा बाण छापतात. वर टोक केलेला, बहुधा लाल.

मंडळी, आजचा लेख त्या बाणाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पण तो बाण सध्या आमच्या कुटुंबात इतका धुमाकूळ घालतो आहे की गप्प बसवत नाही. तुमच्यातले निम्मे वाचक माझे नातेवाईकच आहेत, तेव्हा ग्रुपवर तुकड्यातुकड्याने भांडण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहिलेलं बरं.

झालं असं, की माझ्या धाकट्या भावाच्या रिपोर्टात फेरिटिन ७४२ आलं. (त्याला विचारूनच लिहिते आहे. "नाव मात्र घालू नकोस" एवढीच अट आहे.) लॅबने वरची मर्यादा तीनशेच्या आसपास छापली होती. भावाचं वय ६६, साखर बारा वर्षांपासून, सोनोग्राफीत 'ग्रेड टू फॅटी लिव्हर', दारूचा थेंब नाही. हिमोग्लोबिन १४.२. त्याने रिपोर्टाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक वहिनी म्हणाल्या, "लोह जास्त आहे म्हणजे चांगलंच की, रक्त भरपूर आहे!" भाच्याने इंटरनेटवरून एका भयंकर आनुवंशिक आजाराचं नाव शोधून पाठवलं. कुणी म्हणालं पालक-मेथी बंद करा, कुणी म्हणालं लोखंडी तवा टाकून द्या. एकाने कोथिंबिरीचा रस सुचवला, 'त्याने अंगातले धातू निघून जातात' म्हणून. आणि एक ठाम मत असं, की दर तीन महिन्यांनी रक्तदान करावं, म्हणजे पुण्यही मिळेल आणि लोहही जाईल.

भाऊ आधीच भित्रा. त्याने तीन आठवडे पालेभाजी बंद केली. ताटातली पालेभाजीची जागा रिकामी थोडीच राहते? तिथे बटाट्याची भाजी आली आणि भाताची मूद मोठी झाली. साखरेच्या माणसाच्या ताटात! म्हणजे आजार एकीकडे आणि पथ्य भलतीकडेच. माझा जीव तुटतो तो इथे.

आता हे फेरिटिन म्हणजे काय, ते मला जसं समजलं तसं सांगते.

मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. एका मध्यम खिळ्याइतकं. त्यातलं दोन-तृतीयांशाच्या आसपास रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. लाल पेशी म्हाताऱ्या होऊन मोडतात तेव्हा त्यांतलं लोह शरीर वेचून घेतं आणि नव्या पेशींना वापरतं. रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह असं घरातल्या घरात फिरतं. बाहेरून, अन्नातून, रोज आत येतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि साधारण तेवढंच झडणाऱ्या पेशींबरोबर जातं. जुन्या काळच्या काटकसरी घरासारखा हा कारभार आहे. पण त्यात एक मेख आहे. जास्तीचं मीठ किंवा पाणी मूत्रपिंड बाहेर टाकतं, तशी जास्तीचं लोह टाकून द्यायची कुठलीही सोय शरीरात नाही. आवक अडवता येते, जावक वाढवता येत नाही. बाईच्या शरीरातून पाळीवाटे आणि बाळंतपणात लोह जातं; पुरुषाचं आणि पाळी गेलेल्या बाईचं साठतच राहतं.

फेरिटिन ही त्या लोहाची कणगी. चोवीस तुकड्यांनी बनलेला एक पोकळ गोळा, ज्याच्या पोटात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. व्हिलेम लाउफबर्गर नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये घोड्याच्या प्लीहेतून हे प्रथिन वेगळं काढलं. कणग्या असतात पेशींच्या आत, मुख्यतः यकृतात. रक्तात त्यांचा थोडासा अंश उतरतो. तो मोजायची युक्ती १९७२ मध्ये सापडली आणि तेव्हापासून त्या अंशावरून आतल्या साठ्याचा अंदाज करू लागले.

लक्षात घ्या, अंदाज. आकडा कमी असला तर तो जवळपास खात्रीचा असतो, लोह संपत आलेलं आहे. आकडा जास्त असला तर मात्र त्याचे अर्थ अनेक. कुठे सूज असली, संसर्ग असला, दारू असली, यकृत दुखावलेलं असलं, की लोहाचा साठा तेवढाच असूनही रक्तातलं फेरिटिन वर जातं. कोविडमध्ये ते हजारांत जात होतं ते रुग्णाने रातोरात खिळे खाल्ले म्हणून नव्हे; शरीरात आग लागलेली होती म्हणून.

शाळेत एखाद्या मुलाला गणितात पस्तीस गुण पडले, तर नुसत्या पस्तिसावरून मी कधी मत केलं नाही. हजेरी बघायचे, बाकीचे विषय बघायचे, घरी काय चाललं आहे ते विचारायचे. फेरिटिनच्या शेजारी बघायचा आकडा म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या ज्या गाड्या असतात, त्यांच्या किती जागा भरलेल्या आहेत त्याचे टक्के. साधारण वीस ते पंचेचाळीसच्या मध्ये असेल तर ठीक. पंचेचाळीसच्या वर वरचेवर येत असेल तर लोह खरोखरच बेसुमार आत येतं आहे की काय, हे बघावं लागतं. माझ्या भावाचं आलं ३१. हा आकडा त्याच रिपोर्टात, त्याच पानावर, दोन ओळी खाली होता. त्याच्यापुढे बाण नव्हता, म्हणून कुणी वाचलाच नाही.

भाच्याने शोधलेला आजार खरा आहे, थट्टेचा नाही. त्याचं नाव हिमोक्रोमॅटोसिस. फ्रान्समधल्या त्रूसो नावाच्या डॉक्टरने १८६५ मध्ये असा एक रुग्ण वर्णन करून ठेवला आहे, ज्याला मधुमेह होता, यकृत निबर झालं होतं आणि कातडी काळपट तांबूस पडली होती. पुढे या आजाराला 'ब्राँझ मधुमेह' असंच म्हणू लागले. स्वादुपिंडात लोह साठून इन्सुलिन बंद पडतं, असा हा प्रकार. त्याला कारण होणारा जनुकातला मुख्य बदल १९९६ मध्ये सापडला. तो उत्तर युरोपातल्या वंशांत बराच आढळतो, आपल्याकडे क्वचित. म्हणून आपल्या लोकांनी तो विचार करायचाच नाही असं नाही. सॅच्युरेशन चढं असेल, किंवा फेरिटिन हजाराच्या वर जाऊन राहत असेल, तर सरळ तज्ज्ञाकडे जायचं. तिथे घरगुती सल्ला नको. पण ७४२ आणि ३१ या जोडीचा अर्थ निराळा होता.

तो अर्थ असा. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या रेन गावच्या डॉक्टरांनी काही रुग्ण एकत्र करून लिहिलं, की यांच्या यकृतात लोह थोडं साठलं आहे, फेरिटिन वाढलेलं आहे, पण सॅच्युरेशन साधारण ठीक आहे, आणि जनुकाचा तो आजारही नाही. मग या लोकांमध्ये समान काय होतं? वाढलेलं पोट, साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी. थोडक्यात, आपल्या नात्यातल्या कुठल्याही लग्नात पहिल्या पंगतीला बसलेली पन्नाशीच्या पुढची मंडळी! फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश लोकांत हे चित्र दिसतं. २०२३ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून त्याला 'मेटाबॉलिक हायपरफेरिटिनीमिया' असं लांबलचक नाव दिलं. (त्याच वर्षी फॅटी लिव्हरचं इंग्रजी नावही बदललं. आधी त्याला 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणत. म्हणजे आजार काय नाही तेवढंच त्या नावात होतं. मराठीच्या शिक्षिकेला हा बदल फार पटला.)

हे होतं कसं? यकृत हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ तयार करतं. २००० सालच्या सुमारास त्याचा शोध लागला. तो लोहाचा दारवान आहे. तो वाढला, की पेशींतून लोहाला बाहेर पडायची दारं बंद होतात. यकृतात चरबी साचली, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं, की एक मंद, न दुखणारी सूज कायमची वस्तीला येते आणि या दारवानाचं गणित बिघडतं. आतलं लोह आतच अडकतं. काहींत नुसतं सुजेमुळे फेरिटिन वाढतं, काहींत खरोखरच थोडा साठा होतो. बहुतेकांत दोन्हीची भेसळ. आणि अडकलेलं लोह निरुपद्रवी नसतं. लोखंडाला हवा लागली की गंजतं, तशाच जातीची रासायनिक झटापट पेशींच्या आत होते आणि आधीच चरबीने बेजार असलेल्या यकृताला आणखी एक त्रास होतो. अमेरिकेतल्या नर्सेसच्या एका मोठ्या अभ्यासात, २००४ मध्ये, असं दिसलं होतं की ज्यांचं फेरिटिन आधीपासून जास्त होतं त्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण अधिक होतं. तेव्हा कोण कुणाच्या मागे लागतं हे तितकं सरळ नाही. ही दोघं एकमेकांना हात देत चालतात.

मग लोह काढून टाकलं तर? ग्रुपवरच्या रक्तदानवाल्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. साडेचारशे मिलिलिटर रक्त काढलं की दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं, आणि खऱ्या हिमोक्रोमॅटोसिसमध्ये हाच उपचार आहे. या दुसऱ्या प्रकारात तो लागू पडतो का, हेही डॉक्टरांनी नीट तपासून पाहिलं. ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, फ्रान्समधला २७४ रुग्णांचा २०१७ मध्ये. निम्म्यांचं रक्त काढलं, निम्म्यांना नुसता खाण्यापिण्याचा सल्ला दिला. रक्त काढलेल्यांचं फेरिटिन उतरलं, अगदी छान उतरलं. पण साखर काही जास्त सुधारली नाही, यकृतही नाही. रिपोर्टातला बाण गेला आणि आजार होता तिथेच राहिला.

मला हे दोन अभ्यास फार महत्त्वाचे वाटतात, कारण बाण कुठे रोखलेला आहे ते त्यांतून कळतं. आपण समजतो तो लोहाकडे, पालकाकडे, तव्याकडे आहे. तो आहे पोटाच्या घेराकडे. भावाच्या डॉक्टरांनी हेच दोन वाक्यांत सांगितलं होतं: "लोहावर लक्ष मी ठेवतो. तुम्ही वजन उतरवा, रोज चाला, आणि लोहाची कुठलीही गोळी घेऊ नका." ग्रुपवर मात्र हे दोन वाक्यांचं औषध कुणाच्या पसंतीला उतरलं नाही. फुकट होतं ना!

(आणि रक्तदानाचं म्हणाल तर आपल्याकडे त्याला वयाची मर्यादा पासष्ट आहे. भाऊ सहासष्टचा. पुण्याची ती वाट तशीही बंदच होती.)

"पण तो कुठे जाड आहे?" हा वहिनींचा प्रश्न. दिसायला भाऊ किडकिडीतच; हातपाय काड्या आणि मध्ये पोटाची नगारी. याचं उत्तर पुण्यातच मिळतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं याचा अभ्यास केला. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. उंची-वजनाचं प्रमाण दोघांचं सारखंच, २२.३. पण शरीरातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! आपण भारतीय माणसं दिसायला बारीक आणि आतून चरबीदार असतो. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांतही त्यांना तेच दिसलं. तेव्हा काटा 'नॉर्मल' दाखवतो म्हणून निश्चिंत राहायचं नाही. भावाचं वजन ६४ किलो. यकृतातली सूज उतरायला वजन सात ते दहा टक्के तरी कमी व्हावं असं सांगतात, म्हणजे त्याला साडेचार ते साडेसहा किलो. डोंगर नव्हे हा.

आता माझी खरी तक्रार. ती टॉनिकबद्दल आहे.

आपल्याकडे थकवा म्हणजे 'रक्त कमी' आणि 'रक्त कमी' म्हणजे लोहाचं टॉनिक, हे समीकरण इतकं पक्कं आहे की मधे तपासणी नावाची पायरी असते हे कुणाच्या गावीच नसतं. औषधाच्या दुकानात जायचं, 'रक्तवाढीचं काहीतरी द्या' म्हणायचं, दुकानदार बाटली काढून देतो. एकीला बरं वाटलं की ती बाटली जावेला, नणंदेला, शेजारणीला लागू. वर हळिवाचे लाडू, बीटचा रस, खजूर. साखर असलेल्यांना खजूर-गूळ 'लोहासाठी' चालतो, अशीही एक पळवाट आहे. कुणी लोहासव घेतं, कुणी मंडूर भस्म; आयुर्वेदाच्या नावाने घेतलं म्हणून लोह काही लोह असायचं राहत नाही. वैद्यांनी नाडी बघून, ठरावीक दिवस दिलेलं औषध वेगळं, आणि आपण होऊन वर्षानुवर्षं दोन-दोन चमचे घेणं वेगळं.

ताटातल्या पालेभाजीतलं लोह शरीर फार थोडं घेतं, आणि दारवान शाबूत असेल तर साठा भरलेला असताना आणखी कमी घेतं. लोहाच्या एका गोळीत मात्र साठ-शंभर मिलिग्रॅम असू शकतं. दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमवर चालणाऱ्या घरात एकदम पोतं आणून टाकण्यासारखं आहे ते. रक्तक्षय असेल तर ते पोतं हवंच. पण साठीच्या पुढची, पाळी कधीच थांबलेली, साखर आणि फॅटी लिव्हर असलेली बाई जेव्हा 'ताकद यावी म्हणून' ते वर्षभर घेते, तेव्हा ती भरलेल्या कणगीत धान्य ओतत असते. तिची खरी थकव्याची कारणं, थायरॉइड, बी-१२, न झालेली झोप, चढलेली साखर, बाटलीमागे लपून राहतात ते वेगळंच.

हे लिहिताना मला एक भीतीही वाटते, ती सांगूनच टाकते. हा लेख वाचून कुणी आपल्या नातीची किंवा सुनेची लोहाची गोळी बंद केली, तर माझ्यासारखी दुःखी कुणी नसेल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. वर्गात पहिल्या तासाला डोकं टेकून बसणाऱ्या मुली मी तीस वर्षं बघितल्या. आळशी म्हणून त्यांना बोलणी बसायची. त्यांच्या खालच्या पापण्या पांढऱ्याफटक असायच्या. त्यांच्यासाठी गुलाबी, निळ्या, लाल गोळ्यांची सरकारी योजना आहे ती योग्यच आहे, आणि त्यांनी त्या जेवणाला लागून चहा न पिता घ्याव्यात. चहाने लोह शोषलं जात नाही. एकाच घरात नातीला लोह हवं आणि आजोबांना नको, हे आपल्याला पटायला जड जातं, कारण आपल्याकडे पौष्टिक म्हणजे सगळ्यांनाच पौष्टिक. तसं ते नाही.

आणि आणखी एक गुंतागुंत. साखरेच्या माणसाचं लोह कमी असूच शकत नाही, असंही समजू नका. सूज असलेल्या माणसाचं फेरिटिन खोटं वर दिसतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अशा लोकांसाठी कमतरतेची रेषा १५ ऐवजी ७० धरायला सांगितली आहे. म्हणजे फेरिटिन ४५ आलं, बाण नाही, लॅब म्हणते नॉर्मल, आणि तरी लोह कमी असू शकतं. साठीच्या पुरुषाचं लोह कमी निघालं तर ते टॉनिकने भरून गप्प बसायचं नाही, पोटात कुठे रक्त झिरपतं आहे का ते शोधायचं. इथेही डॉक्टरच हवेत, दुकानदार नको.

तव्याचा प्रश्न राहिला. भांड्यांचा आणि यकृताचा संबंध असतो, त्यामुळे तो विचारणाऱ्याला मी हसले नाही. आपल्या पिढीला 'लिव्हर वाढलेली' बाळं आठवत असतील. दोन-तीन वर्षांच्या आतली मुलं पोट फुगून जायची. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. भावे, डॉ. पंडित आणि ब्रिटिश डॉक्टर टॅनर यांनी १९८३ मध्ये त्याचा संबंध दाखवला तो तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून साठवलेल्या दुधाशी. दुधात तांबं उतरायचं आणि बाळाच्या यकृतात साठायचं. कल्हईवाल्याची हाक आपण नुसती स्मरणरंजनासाठी आठवतो. त्या कल्हईत किती जीव अडकलेले होते! दक्षिण आफ्रिकेत लोखंडी पिंपांत गाळलेली आंबट घरगुती बिअर पिऊन लोकांच्या यकृतात खरोखर लोह साठायचं. पण आंबट पेय पिंपात दिवसेंदिवस मुरणं आणि भाकरी तव्यावर दोन मिनिटं शेकणं यात फरक आहे. भावाच्या डॉक्टरांनी तवा राहू द्यायला सांगितलं. वहिनींनी तोवर दोन हजारांचा नॉनस्टिक आणलेला होता, असो.

लॅबवाल्यांनाही चार शब्द सुनवायचे आहेत. हजार-दोन हजार रुपयांत ऐंशी-नव्वद तपासण्या, घरी येऊन रक्त नेणार, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण रिपोर्ट समजावून सांगणारा माणूस त्या पॅकेजात नसतो. बाण असतो. कुणी सांगत नाही की फेरिटिन आणि सॅच्युरेशन जोडीने वाचा, की महिनाभरापूर्वी ताप येऊन गेला असेल तर ही तपासणी पुन्हा करा, की फॅटी लिव्हर असेल तर हा आकडा तीनशे ते हजारच्या मध्ये दिसणं नवलाचं नाही. नव्वद तपासण्या छापायला जागा आहे, तर या तीन ओळींना का नसावी? आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे असं २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीने सांगितलं. त्यातल्या किती जणांना हा बाण दिसत असेल, आणि किती घरांतून पालेभाजी हद्दपार होत असेल, देव जाणे.

आमच्यापुरतं सांगायचं तर भाऊ सकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतो, मेथी परत ताटात आली आहे, बटाटा आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. कोथिंबीर तो खातो, कोशिंबिरीत.

आणि माझी धाकटी जाऊ. तिची साखर पंधरा वर्षांची, वय ६३, पाय गळून जातात म्हणून दीड वर्ष रोज टॉनिक चालू होतं, कुणी दिलं ते तिलाही आठवत नव्हतं. या सगळ्या गडबडीत तिला मी हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन ४१०, सॅच्युरेशन ठीक, आणि बी-१२ तळाला गेलेलं. साखरेची मेटफॉर्मिन नावाची गोळी वर्षानुवर्षं घेतली की असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. टॉनिक बंद, बी-१२ सुरू. परवा जिना एका दमात चढून आली. टॉनिकची अर्धी बाटली अजून तिच्या फ्रिजवर आहे. "एवढे पैसे घातलेत, कुणाला तरी उपयोगी पडेल," म्हणते.